घरपट्टी, पाणीपट्टी आणि कुलूप लागलेली घरे : ग्रामपंचायतीने मेळ कसा घालावा

गावातली माणसे का जातात, याची पारावर दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे नोकरी नाही, दुसरे म्हणजे पट्टी फार झाली. पहिल्यावर ग्रामपंचायतीचा फारसा इलाज चालत नाही आणि दुसरे बहुतेक वेळा खरे नसते. वर्षाला हजार-बाराशे घरपट्टी वाचवण्यासाठी कोणी तालुक्याला भाड्याने खोली घेत नाही. तिथे एका महिन्याचे भाडे त्याहून जास्त असते. माणूस जातो तो पट्टी भरूनही नळाला चौथ्या दिवशी पाणी येते म्हणून, रात्री दिवा नसतो म्हणून, पोराच्या शाळेत पंखा फिरत नाही म्हणून. त्यामुळे आधी सेवेचा हिशेब करायचा आणि मग पट्टीचा दर ठरवायचा. बहुतेक ठिकाणी हे नेमके उलटे होते.

पुढची मांडणी साधारण ६०० घरे आणि ३००० लोकवस्तीच्या गावासाठी आहे. रुपयांचे आकडे हिशेबाची पद्धत कळावी म्हणून धरले आहेत, तिथे आपल्या गावाचे आकडे घाला.

आधी कुलपे मोजा

नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, हातात घेऊन गाव फिरा. प्रत्येक बंद घरापुढे तीन गोष्टी लिहा : कधीपासून बंद, माणसे कुठे गेली, परत येतात का. शेजारी सगळे सांगतात, वेगळे सर्वेक्षण लागत नाही. यादी झाली की तिचे तीन भाग पडतात.

पुण्या-मुंबईला नोकरीसाठी गेलेले गणपतीला, शिमग्याला किंवा जत्रेला येणार. त्यांना कर कमी करून परत आणता येत नाही, पण त्यांचे गावाशी नाते आणि त्यांची घरपट्टी दोन्ही टिकवता येते. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडून गेलेली नाहीत, त्यांना गेलेल्यांत धरू नका. तिसरा गट महत्त्वाचा. तालुक्याच्या गावी किंवा महामार्गालगतच्या मोठ्या गावात राहायला गेलेली, पण शेती इथेच असलेली ही कुटुंबे. रोज दुचाकीवरून रानात येतात आणि संध्याकाळी निघून जातात. ग्रामपंचायत ज्यांना खरोखर थांबवू शकते, ती हीच माणसे. त्यांच्यापैकी दहा-पंधरा जणांना विचारा. पाणी, शाळा आणि पावसाळ्यातला रस्ता यापलीकडे उत्तर क्वचितच जाते. जे उत्तर सर्वांत जास्त वेळा येईल, त्यावर पुढच्या वर्षीचा पैसा खर्च करायचा.

पाण्याचा खरा खर्च काढा

पाणीपट्टीचा दर बहुतेक गावांत शेजारच्या गावाकडे बघून ठरतो. तो असा काढा.

माणशी ५५ लिटर हे जल जीवन मिशनचे माप धरले, तर ३००० माणसांना रोज १ लाख ६५ हजार लिटर पाणी लागते. विहिरीपासून टाकीपर्यंत ६० मीटर उचल असेल तर १० एचपीचा पंप सुमारे ८ तास चालतो. रोजचे ५५ ते ६० युनिट झाले, महिन्याला साधारण १६०० ते १८०० युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर बिल १३ ते १४ हजार. आपण १३ हजार धरू.

टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) हजार लिटरला ५ ग्रॅम लागते, म्हणजे रोज ८२५ ग्रॅम आणि महिन्याला २५ किलो. तिचे हजार रुपये धरा. पाणी सोडणाऱ्या माणसाचे ९ हजार, व्हॉल्व्ह, सांधे आणि स्टार्टरच्या दुरुस्तीचे ४ हजार. आणि ३ हजार रुपये दरमहा बाजूला, पंप जळेल त्या दिवसासाठी. हा शेवटचा आकडा जवळपास प्रत्येक ग्रामपंचायत गाळते. मग एप्रिलमध्ये मोटारीची वाइंडिंग जळते, वर्गणी गोळा होईपर्यंत आठ दिवस टँकर चालतो, आणि त्या आठ दिवसांत दोन कुटुंबे तालुक्याला खोली बघून येतात.

बेरीज महिन्याला ३० हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार. ६०० नळांवर वाटले की नळामागे ६०० रुपये होतात. पण ४५० च घरे भरत असतील, तर तेच पाणी ८०० रुपयांना पडते. न भरणाऱ्या १५० घरांपायी भरणाऱ्या प्रत्येकाच्या माथ्यावर दोनशे रुपये चढतात. ग्रामसभेत दरवाढीचा विषय काढण्याआधी ही दोन वाक्ये फळ्यावर लिहा. भांडण कमी होत नाही, पण ते योग्य माणसांशी होते.

पाणीपट्टीचा पैसा पाणीपुरवठ्याच्या वेगळ्या बँक खात्यातच ठेवा. तो सामान्य खात्यात मिसळला की आधी दुसरीच बिले निघतात आणि विजेचे बिल मागे पडते. मग महावितरण जोडणी तोडते, पाणी थांबते, पाणी नाही म्हणून लोक पट्टी भरत नाहीत आणि पट्टी नाही म्हणून बिल भरता येत नाही. या चक्रात अडकलेली योजना बाहेर काढायला दोन-तीन वर्षे लागतात.

दर वाढवण्याआधी दोन तपासण्या करा. दोन्हींना मोजपट्टी, बादली आणि घड्याळ पुरते.

पहिली गळतीची. रात्री टाकी भरून घ्या, वितरणाच्या वाहिनीत पाणी सोडा आणि सगळ्यांना तोट्या बंद ठेवायला सांगा. तासाभराने पातळी मोजा. टाकी लाख लिटरची आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल, तर १० सेंटिमीटर उतार म्हणजे अडीच हजार लिटर गेले. तासाला अडीच हजार हा आकडा छोटा नाही. मग भाग पाडणारे व्हॉल्व्ह एकेक बंद करून पुन्हा मोजा, म्हणजे गळकी गल्ली सापडते. बहुतेक वेळा ती गटार ओलांडणाऱ्या जोडण्यांपाशी असते. तिथून नुसते पाणी जात नाही, गटाराचे पाणी आतही येते.

दुसरी शेवटच्या घराची. वाहिनीच्या टोकाला २० लिटरची बादली लावा. ती ४ मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर मिळतात. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर हवे, म्हणजे ५५ मिनिटे पाणी पाहिजे. तुम्ही अर्धा तास सोडत असाल तर त्या घराला १५० लिटरच मिळतात, आणि पट्टी मात्र पहिल्या घराइतकीच. टोकाची वस्ती थकबाकीदार का असते, याचे उत्तर या बादलीत असते. उपाय बहुधा स्वस्त असतो : पाळ्या पाडणे, वरच्या भागाचा व्हॉल्व्ह थोडा दाबणे आणि नळाला थेट लावलेल्या मोटारी काढायला लावणे. शेवटचे काम राजकीयदृष्ट्या सर्वांत महाग, कारण अशा मोटारी बहुधा वजनदार घरांत असतात.

शुद्धता दिसली पाहिजे. ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरले ते पाहण्याची चाचणी, रोज करा, तीही टाकीखाली नाही तर टोकाच्या नळाला. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असेल तर वाटेतही पाणी सुरक्षित आहे. तारीख आणि निकाल जलसुरक्षकाने पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. स्वच्छता सर्वेक्षणानंतर आरोग्य विभागाने लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचे असल्याचा शेरा, दिले असेल तर त्या वर्षी पाणीपट्टी वाढवू नका. गाव ऐकून घेणार नाही, आणि त्याचे बरोबर असेल.

घरपट्टी : दर नव्हे, नोंद

घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते. जागेचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा, त्याला वापराचा भारांक (घर राहते की धंद्याचे, यानुसार गुणक), आणि शेवटी हजारी कराचा दर, म्हणजे मूल्याच्या हजार रुपयांमागे किती कर. जमिनीचा आणि बांधकामाचा दर शासनाच्या वार्षिक दरांतून येतो. ग्रामपंचायतीच्या हाती फक्त शेवटचा आकडा असतो, तोही नियमांतल्या किमान-कमाल मर्यादेत.

समजा १०० चौरस मीटर जागा, दर ६०० रुपये, म्हणजे जमिनीचे ६० हजार. त्यावर ६० चौरस मीटर आरसीसी घर, दर २० हजार, घसाऱ्याचा गुणक ०.९, म्हणजे १० लाख ८० हजार. एकूण ११ लाख ४० हजार. राहते घर म्हणून भारांक १, हजारी दर १ रुपया २० पैसे. घरपट्टी १३६८ रुपये.

आता याच घरावर मालकाने तसाच मजला चढवला आणि नमुना ८ मध्ये नोंद झाली नाही. वर्षाला १२९६ रुपये बुडाले. गावात असे ४० मजले असतील तर ५१ हजार ८४०. गावाची एकूण घरपट्टीची मागणी साडेचार लाख धरा. सगळ्यांची पट्टी सरसकट १० टक्के वाढवली तरी ४५ हजारच मिळतात, आणि त्यात मातीच्या घरात राहणाऱ्या विधवेचीही पट्टी वाढते. मजल्यांची नोंद केली तर ज्यांच्याकडे मजला आहे तेच देतात. दरवाढ हे शेवटचे हत्यार आहे, पण ते पहिले उचलले जाते, कारण टेपपट्टी घेऊन भावकीच्या घरात शिरण्यापेक्षा ठराव लिहिणे सोपे.

मोजणीला ग्रामपंचायत अधिकारी, शिपाई आणि दुसऱ्या वॉर्डातला सदस्य असे तिघे जा. आपल्याच वॉर्डातला सदस्य नेला की टेपपट्टी चुकीच्या जागी धरली जाते. पहिले माप सरपंचाच्या घराचे, दुसरे उपसरपंचाच्या. हे दिखाऊ वाटले तरी करा. वापरही तपासा : पुढच्या खोलीत दुकान, मागे गिरणी, गच्चीवर मोबाइल टॉवर. बिगरनिवासी वापराचा भारांक जास्त असतो आणि गावातला बुडालेला कर बराचसा तिथे सापडतो. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असली, तरी नवे बांधकाम त्याच वर्षी नोंदवा. चार वर्षांची साचलेली वाढ एका बिलात आली की तिला कोणीच वाढ म्हणत नाही, लूट म्हणतात.

हातात किती उरते

वसुली ८० टक्के झाली तर साडेचार लाखांचे ३ लाख ६० हजार येतात. स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणजे १ लाख ८ हजार. कर्मचाऱ्यांचा खर्च ३५ टक्क्यांच्या मर्यादेत धरला तर आणखी १ लाख २६ हजार. उरले १ लाख २६ हजार. महिन्याला साडेदहा हजार.

वित्त आयोगाचा निधी याहून कितीतरी मोठा असतो, मग हा किरकोळ पैसा कशाला मोजायचा? कारण आयोगाच्या निधीतून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही, आणि १५ व्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. पथदिव्यांची बिले अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, भागातून भरायची मुभा शासनाने दिली. तिचा उपयोग होतो, पण तेवढी दुसरी कामे मागे जातात. एकूण काय, बांधकाम अनुदानातून होते आणि देखभाल घरपट्टीतून. गटार अनुदानाचे, पण त्यातला गाळ काढणारा माणूस घरपट्टीचा. म्हणूनच पट्टी न भरणाऱ्या गावात पेव्हर ब्लॉक चकचकीत आणि गटारे तुंबलेली दिसतात.

म्हणून कोणतेही नवे काम मंजूर करताना त्याचा वर्षाचा देखभाल खर्च ठरावातच लिहा. हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका, परिसर उजळतो आणि महिन्याचे बिलही वाढवतो. त्याच पैशात २४ वॅटचे दिवे गल्लीगल्लीत लागतात. १२० खांबांवर असे दिवे ११ तास जळले तर महिन्याला सुमारे ९५० युनिट होतात. सकाळी ते बंद करणारा टायमर बसवला नाही तर हाच आकडा दुपटीवर जातो.

पट्टी कधी मागायची

सप्टेंबरअखेर पट्टी भरणाऱ्याला ५ टक्के सूट असते. सोयाबीनचा आणि कापसाचा पैसा मात्र दसऱ्यानंतर हातात येतो. त्यामुळे ही सूट पगारदार घेतात, शेतकरी नाही. त्यावर उपाय म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गहू-हरभरा विकला जातो तेव्हा पुढच्या वर्षाचा निम्मा भरणा आगाऊ घ्या आणि उरलेला पोळ्याच्या आसपास. तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांकडे ते निघण्याआधी, उचल मिळते तेव्हा जा. ते परत येईपर्यंत घरात पैसा नसतो. बाहेरगावच्या मालकांना क्यूआर कोड असलेले बिल पाठवा, आणि पावती त्याच दिवशी. पावती उशिरा गेली की पुढच्या वर्षी पैसे उशिरा येतात.

बंद घरांच्या नळाबाबत ग्रामसभेत एकदाच नियम करा. नळ बंद ठेवण्याचा लेखी अर्ज देणाऱ्याला निम्मी पाणीपट्टी, आणि पुन्हा जोडताना ठरलेली फी. पूर्ण माफी देऊ नका. जलवाहिनी त्याच्या दारापर्यंत सांभाळायला खर्च येतोच, आणि तो परत येईल तेव्हा त्याला ती चालू हवी असते.

थकबाकी

कायद्याची वाट ठरलेली आहे : मागणीचे बिल, मग मागणी लेख, आणि तरीही भरणा नसेल तर जंगम मालमत्तेची जप्ती. जप्तीपर्यंत फार कमी गावे जातात. राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवणे जास्त परिणामकारक ठरते, कारण न्यायालयाची नोटीस घरात वाचली जाते. सुरुवात मात्र सदस्यांपासून. बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत पट्टी न भरणारा सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार अपात्र ठरू शकतो. सदस्यांच्या भरण्याची यादी आधी फळ्यावर लावा, मग बाकीच्यांच्या दारात जा.

दाखले अडवून वसुली करू नका. जन्म-मृत्यूचा दाखला लोकसेवा हक्काखाली येतो आणि तो अडवणे बेकायदा आहे. शिवाय पोराच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी अडवणूक झालेला बाप ती जन्मभर विसरत नाही. सरसकट दंडमाफीही दर दोन वर्षांनी देऊ नका. वेळेवर भरणारा लगेच शिकतो की थांबणे फायद्याचे आहे.

बडग्यापेक्षा सवलत चालते, याचा सर्वांत माहीत असलेला दाखला छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचा. पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण फुकट, ही तिथले माजी सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळातली योजना. तिची नक्कल करताना बरीच गावे फसली, कारण त्यांनी गिरणी घेतली आणि तिच्या विजेचा आणि चालवणाऱ्याच्या पगाराचा हिशेब केला नाही. आधी वसुली वाढून किती येईल आणि गिरणीला वर्षाला किती जाईल, हे दोन आकडे शेजारी मांडा. दुसरा मोठा निघाला तर गिरणी नको. शुद्ध थंड पाण्याचे कार्डही पुरते.

दर वाढवायचाच असेल तर

सेवा आधी, दर नंतर. दिवसाआड येणारे पाणी रोज यायला लागले की तीन महिने थांबा आणि मग ठराव घ्या. हरकतींसाठी महिना द्या आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. वाढ एकदम न करता टप्प्यांत करा.

क्रम उलटा झाला की काय होते, ते पुण्याच्या वेशीवर दिसले. २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली, त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन होती. कर शहराच्या दराने आणि पाणी टँकरचे, ही तिथल्या लोकांची तक्रार होती. शेवटी माणसे गेली नाहीत, गावेच गेली. २०२२ मध्ये दोन्ही गावे महापालिकेतून वगळण्याचे राज्य सरकारने जाहीर केले आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. तुमच्या गावाच्या बाजूलाही शहर सरकत असेल, तर हद्दवाढीच्या चर्चेत कराच्या दराआधी जलवाहिनीचे वेळापत्रक मागा.

फळा आणि वही

पंचायतीच्या भिंतीवर चार ओळींचा फळा पुरे : या महिन्यात किती पट्टी आली, विजेला किती गेली, दुरुस्तीला किती, शिल्लक किती. नमुना ३ चा जमाखर्च कोणी वाचत नाही, या चार ओळी वाचतात. शेजारी तक्रार वही दोरीने बांधून ठेवा. दिवा तीन दिवसांत, गळती दोन दिवसांत, तुंबलेले गटार आठवड्यात, अशा मुदती पहिल्या पानावर लिहा. मुदत पाळता येणार नसेल तर मोठी लिहा, पण लिहिलेली पाळा. शाळेचे वीजबिल आणि स्वच्छतागृहाचे पाणी हे वहीत कोणी लिहीत नाही, ते दर महिन्याला आपणहून बघा.

दरवर्षी मार्चमध्ये कुलपांची यादी पुन्हा काढा आणि शेवटी दोन रकाने वाढवा : यंदा उघडलेले घर आणि यंदा बंद झालेले घर. बंद झालेल्या प्रत्येक घराचे नाव तक्रार वहीत शोधा. ते किती वेळा सापडते, आणि त्यापुढे निकालाची तारीख आहे का, ते १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवा.